सात नंबरचा बाण

“…आणि मग ते अख्खं खंड फुटलं. किती तुकडे झाले असतील, सांगा उस्ताद?”

उस्ताद विहिरीत दोर सोडत होते. फक्त ओठ हलत होते.

खाली बादली पाण्याला लागल्याचा आवाज आला.

“अकरा हात,” ते म्हणाले. “हं. बोल. काय फुटलं?”

“खंड! गोंडवन!”

“मले वाटलं रांजण.”

अवंती हसली नाही. तिने मनगटावरचं घड्याळ बघितलं. अडीच वाजले होते.

चार वाजता अंजनटोल्याच्या शाळेसमोर सुनावणी होती. गावाखालचा कोळसा काढायचा की नाही, यावर लोक हात वर करणार होते. मांडव पडला होता. खुर्च्या आल्या होत्या. पण गावाने परवाच सांगून टाकलं होतं, “तुमचा कागद तुमच्यापाशी. उस्ताद हो म्हणत असतील तर आमचा हात वर.”

म्हणून ती नूरशाह बाबाच्या दर्ग्यात आली होती, गावापासून अर्ध्या कोसावर, चैताच्या उन्हात.

करामत उस्तादांनी चाळीस वर्षं जमिनीत भोकं पाडली. कोळशासाठी, चुनखडीसाठी, पाण्यासाठी. ह्या भागातला प्रत्येक हातपंप त्यांच्या मशीनने बसवला होता. मग डोळे गेले. आता ते दर्गा झाडत, रांजण भरत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी पाजत.

अवंती गोहोकर वणीची. कॉलेजात भूविज्ञानात पहिली आली होती. पहिली नोकरी उस्तादांच्या मशीनवरच. सहा वर्षांपूर्वी हातोडा कसा धरायचा, हे तिला त्यांनीच दाखवलं होतं. आता ती कंपनीची मोठी भूवैज्ञानिक होती.

“गाडी कोन्या रंगाची?” उस्तादांनी विचारलं.

“पांढरी.”

“मंग खरंच मोठी सायेब झाली तू.”

“उस्ताद, माझ्याकडे वेळ नाही.”

“तीस कोटी वर्षांच्या गोष्टी सांगून रायली अन म्हने वेळ नाई.”

ते ओट्यावर बसले. तीही बसली. तिच्या पिशवीत हातभर लांबीचं काहीतरी कापडात गुंडाळलेलं होतं.

“ऐका,” ती म्हणाली. “आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका आणि आपण बसलोय ती ही जमीन. सगळं एकाला एक चिकटलेलं होतं. इथे बर्फ होता, उस्ताद! ह्या इथे! पैनगंगेच्या काठी खडकावर बर्फाने ओढलेल्या रेघा अजून आहेत.”

“पायल्या हायेत. डोळे होते तवा.”

“मग बर्फ वितळला. नद्या आल्या, दलदली झाल्या, जंगल वाढलं, गाडलं गेलं. त्याचा कोळसा झाला. जे पान इथल्या दगडात सापडतं, तेच आफ्रिकेत, तेच ऑस्ट्रेलियात. मध्ये समुद्र आले, पण पान एकच.”

“हं.”

“आणि अख्ख्या जगाने त्या खंडाला नाव दिलं ते आपल्याकडचं. गोंडांचं.”

“अंजनटोल्यातल्या गोंडांले सांगितलं हे?”

“सांगितलं ना. बोअरपाशीच सांगितलं. टाळ्या वाजवल्या लोकांनी.”

“अन त्याइच्यातला आत्राम काय म्हने?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“मले कोन नाई सांगत? बोल, काय म्हने आत्राम?”

“म्हणाला, अख्खं खंड आमच्या नावावर हाये, मंग सातबारा काहून नाई?”

उस्ताद एवढे हसले की त्यांना ठसका लागला. अवंतीने रांजणातलं पाणी काढून दिलं. ते प्यायले. गडवा खाली ठेवला.

मग हसू गेलं.

“काम सांग.”

“तुमचा शब्द हवाय. आणि कागदावर अंगठा.”

“कायचा शब्द?”

“विहिरी आटणार नाहीत, याचा.”

उस्तादांनी ओलं तोंड पुसलं.

“मी लिहून दिलंय, उस्ताद. एकही विहीर आटणार नाही. माझ्या सहीने. मी काही कंपनीची बाहुली नाही. पाणी जाणार असतं तर मीच पहिली उभी राहिले असते, तुम्हाला माहीत आहे. पण नाही जाणार. जमिनीनेच सोय करून ठेवली आहे.”

तिने कापड सोडलं आणि आतला दगड त्यांच्या हातात दिला.

दगडाचा गोल दांडा होता. मशीनच्या नळीतून निघतो तसा; त्याला कोअर म्हणतात. मनगटाएवढा जाड, गुळगुळीत, राखाडी. एका टोकाला कोळशाचा काळा थर चिकटलेला. अंगावर पांढऱ्या रंगाने एक बाण काढलेला. बाणाचं टोक कोळशाकडे. बाणाचा अर्थ एकच असतो: ही बाजू खाली.

“सात नंबरची बोअर,” ती म्हणाली. “गावाजवळ तेवढी एकच आहे.”

उस्तादांनी दगड नाकाशी नेला.

“रंगाचा वास येते.”

“बाण आहे. मी काढलाय.”

त्यांनी दगडाला जीभ लावली. जीभ क्षणभर तिथेच धरली गेली.

“चिकटते.”

“चिकटणारच!” अवंती पुढे सरकली. “चिकण मातीचा दगड आहे. पाण्याचा थेंब जात नाही त्यातून. गावाच्या सगळ्या विहिरी वरच्या वाळूच्या दगडात आहेत. ही तुमची विहीरसुद्धा. पाणी त्या वाळूच्या दगडात. त्याखाली ही चिकण माती. तिच्याखाली कोळसा. खाण भुयारी आहे, खालूनच कोळसा काढणार. मध्ये झाकण आहे, उस्ताद. त्याला आम्ही हातही नाही लावणार.”

“झाकन.”

“हो. तीस कोटी वर्षांपूर्वीचं.”

उस्तादांचा अंगठा दगडावर फिरत होता. सावकाश. वरून खाली, खालून वर. बाणावरून गेला, थांबला नाही. मग एका जागी थांबला.

“हे काय हाये? केसावानी.”

“मुळं.” तिचा आवाज उजळला. “त्याच पानाच्या झाडाची मुळं. म्हणून तर हाच तुकडा आणला तुमच्यासाठी. त्या खंडाच्या जंगलाची मुळं आहेत तुमच्या हातात.”

“जाड कुठी हायेत?”

“काय?”

“मुळं वं. जाड कोन्या बाजूले हायेत?”

तिने वाकून बघितलं.

“कोळशाच्या बाजूला.”

“अन बारीक?”

“दुसऱ्या टोकाला. फाटे फुटलेत तिकडे.”

“तुया बाण कुठी दाखवते?”

“कोळशाकडे. खाली.”

“हं.”

उस्तादांनी दगड मांडीवर उभा धरला, बाण सांगत होता तसा. कोळसा खाली. मुळांची बारीक टोकं वर, कडुनिंबाकडे, आभाळाकडे.

“झाडाची मुळं कोन्या बाजूले जाते, बेटी?”

अवंतीने तोंड उघडलं.

कडुनिंबावर कावळा बसला होता. चोच उघडी टाकून.

“दाबाने होतं तसं,” ती म्हणाली. “एवढ्या वर्षांचा दाब. मुळं चेपतात, वाकतात. एका तुकड्यावरून काही ठरत नसतं, उस्ताद.”

“नाई ठरत.”

“नाहीच.”

“मंग बाकीची पेटी सांग.”

“पेटी साइटवर आहे.”

“फोटो असन ना तुयापाशी. मले नाई दिसत. तू वाच.”

तिने मोबाइल काढला. नळीतून निघालेल्या दगडांचे तुकडे लाकडी पेटीत ओळीने मांडून ठेवतात, जसे जमिनीत होते तसे. वरचा आधी, खालचा शेवटी. सात नंबरच्या त्या पेटीचा फोटो तिने शंभर वेळा बघितला होता. सादरीकरणात तिसऱ्या पानावर तोच होता.

“वरून खाली वाचते,” ती म्हणाली. “राखाडी चिकण माती, अडीच फूट. मग कोळसा, चार फूट. मग…”

“मंग?”

“गोटे. हरभऱ्याएवढे. मग जाड वाळू. मग बारीक वाळू.”

“पुन्हा वाच. कोळशाच्या खालून.”

“गोटे. जाड वाळू. बारीक वाळू.” ती भराभर म्हणाली. “नदीने आणून टाकलेलं आहे सगळं. दलदलीतून नदी जायची.”

“नदी दमली का आधी काय खाली ठेवते?”

“जड असेल ते.”

“मंजे?”

“गोटे.”

“त्याच्यावर?”

“जाड वाळू. मग बारीक…”

ती थांबली.

“तुया नदीनं गोटे वरतं काहून ठेवले?”

“पूर आला असेल,” ती म्हणाली.

“आला असन.”

“येतो कधीकधी. बारीक वाळूवर पुराचे गोटे येऊन पडतात. पुस्तकात आहे.”

“असन ना. पूर आला असन. अन झाडबी उलटं उगवलं असन.”

अवंती उठली. ओट्यावरून खाली उतरली, चार पावलं गेली, परत आली. फाटकाबाहेर गाडीचा हॉर्न वाजला. ड्रायव्हरची हाक आली, “मॅडम, तीन वाजले! मांडवात लोक बसून रायले!”

तिने हातानेच थांबायची खूण केली. ते त्याला दिसलं असेल की नाही कोण जाणे.

“काय म्हणायचंय तुम्हाला?” ती म्हणाली. “स्पष्ट म्हणा. मशीन खोटं बोललं? पेटी खोटी आहे?”

उस्तादांनी हाताने चाचपत चुलीपाशी पडलेली फुंकणी उचलली. कोपऱ्यातल्या ताटलीत कोणीतरी ठेवलेला प्रसाद होता. त्यांनी फुंकणीचं एक तोंड तळहाताने बंद केलं. दुसऱ्या तोंडातून आत आधी रेवडी टाकली. मग खडीसाखर. मग फुटाणा.

“मशीन जमिनीत जाते. आधी नळीत काय शिरते?”

“उस्ताद, हे मला तुम्ही पहिल्या दिवशी…”

“काय शिरते?”

“वरचा दगड.”

“रेवडी वरची. साखर मधातली. फुटाना सगळ्यात खालचा. बरोबर?”

“हो.”

“हात धर.”

तिने तळहात पुढे केला. उस्तादांनी ज्या तोंडातून माल टाकला तेच तोंड खाली केलं आणि फुंकणीवर टिचकी मारली.

तिच्या तळहातावर फुटाणा पडला.

मग साखर. मग रेवडी.

अवंती तळहाताकडे बघत राहिली.

“सात नंबरची नळी कोनं रिकामी केली?” उस्तादांनी विचारलं.

तिने बोटाने रेवडी बाजूला सारली.

“नवीन पोट्ट्यायनं?”

“…नाही.”

“मंग?”

“पोरं जेवायला गेली होती.” तिचा आवाज बारीक झाला होता. “गावातले लोक जमले होते. त्यांना कोळसा बघायचा होता. मी म्हटलं, थांबा, मीच दाखवते.”

“मंग?”

“मी नळी उघडली. एकेक तुकडा काढला. पेटीत ठेवत गेले.”

“जो आधी निघाला तो…”

“वरच्या कोपऱ्यात.”

“अन तोंडानं काय करत होती?”

…

“बोल ना वं.”

“सांगत होते.”

“काय?”

तिने मूठ मिटली. फुटाणा, साखर, रेवडी, सगळं आत.

“खंडाबद्दल,” ती म्हणाली.

रांजणाखाली पाणी झिरपत होतं. तिथे ओल्या मातीत दोन चिमण्या अंग भिजवत होत्या.

मग फोन वाजला. साहेबांचा होता. तिने उचलला. पलीकडचा आवाज एवढा मोठा होता की उस्तादांनाही ऐकू येत होता.

“झाला का म्हाताऱ्याचा अंगठा?”

“सर, सात नंबरबद्दल जरा…”

“सात नंबरचं काय? अहो, सात नंबरवर तर सगळं उभं आहे. अंगठा घ्या आणि या. अंगठ्यासोबत त्यांचा एक फोटो घ्या.”

फोन बंद झाला.

अवंती ओट्याच्या कडेवर बसली. आता ती आणि उस्ताद एकाच पातळीवर होते.

“झाकण खाली आहे,” ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. “चिकण माती कोळशाच्या खाली आहे. वर नुसती वाळू आहे. वरून कोळशापर्यंत वाळूच वाळू.”

उस्ताद ऐकत होते.

“कोळसा काढला की सगळं पाणी खाणीत उतरेल.”

“हं.”

“आधी हातपंप जातील. मग गावातल्या विहिरी.” तिने वळून बघितलं. दोर अजून ओला होता. “मग ही.”

“अकरा हातावर हाये आज,” उस्ताद म्हणाले.

पुन्हा हॉर्न. ह्या वेळी लांब.

ती एकदम त्यांच्याकडे वळली. तिने त्यांचा हात धरला.

“उस्ताद, हे फक्त आपल्या दोघांना माहीत आहे.”

“हो.”

“मी नाही म्हणत की खोटं बोला. अंगठासुद्धा नका देऊ. आज फक्त गप्प राहा. लोकांनी विचारलं तर म्हणा, मला दिसत नाही, मला काय कळतं. मला तीन आठवडे द्या. मी नवी बोअर मारायला लावते. काहीतरी कारण काढून. मशीन खराब झालं म्हणते, कोअर तुटला म्हणते. माझं नाव न येता सगळं नीट होईल.”

“मी गप्पच हाये, बेटी. मघापासून तूच बोलून रायली.”

तिने हात सोडला.

“तुम्हाला माहीत नाही काय होईल,” ती म्हणाली. “त्याच लोकांसमोर उभी होते मी. टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनी. त्यातल्या एका म्हातारीने माझ्या डोक्यावरून हात फिरवून बोटं मोडली होती. आता त्यांना जाऊन सांगू, की तुम्हाला अख्खं खंड समजावून देत होते आणि हातातला दहा फुटांचा दगड उलटा ठेवला?”

उस्तादांनी फुंकणी चुलीपाशी परत ठेवली.

“नोकरी जाईल. हसतील ते. आत्राम तर…” कॉलेज, कंपनी, सहा वर्षं, सगळं बाजूला सरलं आणि ती घरच्या बोलीत बोलली. “मले शिकवलं होतं तुम्ही. पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. अन मले आठवलं नाई.”

“मायाबी मशीनवर झालं होतं,” उस्ताद म्हणाले.

तिने मान वर केली.

“कधी?”

“तू जलमली नव्हती तवा.”

“मग काय केलं तुम्ही?”

उस्तादांनी चेहरा विहिरीकडे वळवला. डोळे नसलेला माणूस बघतो तसं, कानाने.

“काही नाई केलं,” ते म्हणाले. “चूप रायलो. ते गाव आता तठी नाई.”

चिमण्या उडाल्या.

फाटकाबाहेरून ड्रायव्हर ओरडला, “मॅडम, साडेतीन!” तिने ऐकलं. घड्याळ बघितलं नाही.

तिने मूठ उघडली. खडीसाखर घामाने चिकट झाली होती. तिने फुटाणा तोंडात टाकला, बाकीचं ताटलीत ठेवलं. मग उस्तादांच्या मांडीवरचा दगड उचलला.

दगड तिने हातात फिरवला. कोळसा वर आला. मुळं जाड होती ती वर, बारीक होती ती खाली. झाड आता सरळ उभं होतं. फक्त बाण आभाळाकडे दाखवत होता.

ती उभी राहिली.

“येते,” ती म्हणाली.

“कुठी?”

“शाळेपाशी.”

“गाडीत बसून?”

“चालत. गाडीत बसले तर ड्रायव्हर साहेबांना फोन लावून देईल.” मग जरा थांबून म्हणाली, “तुम्ही येता का सोबत?”

“मी काहून? माया कोअर हाये का तो?”

तिने मान हलवली. ते त्यांना दिसलं नाही.

ती पायऱ्या उतरली. शेवटच्या पायरीवर थांबली. खिशातून किल्लीसारखं काहीतरी टोकदार काढलं आणि दगडावर घासू लागली. खर्र… खर्र… वाळलेला पांढरा रंग भुग्यासारखा तिच्या बुटांवर पडत होता.

उस्तादांनी कान टवकारले.

“काय करून रायली?”

“काही नाही. बाण चुकीचा आहे ना. पुसते. लोकांपुढे नीट बाण घेऊन जाते.”

“रंगाचा पेन हाये जवळ?”

“आहे.”

“मंग पुसू नको, बेटी. त्याच्या बाजूले दुसरा काढ.”